तेराचा दगड

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा स्टुडिओतला पंखा अजून चालू होता. शनिवारची सकाळ, कार्यक्रम सुरू व्हायला थोडाच वेळ उरलेला, आणि माइकसमोर मोताळ्याकडच्या एका खेड्यातली मुलगी घोटघोट पाणी पीत बसली होती. ती नर्सिंग शिकते. होस्टेलच्या गच्चीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर तिनं स्वतः गाणं रचलं होतं आणि ते ती पहिल्यांदाच चारचौघांसमोर म्हणणार होती. फोन विलासदादाचा होता, म्हणजे आत्याच्या मुलाचा. "गौरे, आई गेली व. झोपीतच गेली." मी हेडफोन गळ्यात तसाच ठेवून उभी राहिले. आत्या आजारी पडल्यापासून तिच्या जागी संतोषभाऊ कार्यक्रम चालवतात. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते समजले. "बंद ठेवायचा का आज?" त्यांनी विचारलं, आणि मी काही म्हणायच्या आत स्वतःच मान हलवली. "पन दगडावर मानसं येऊन बसली असतीन..."

दगड म्हणजे मोताळ्याकडे उतरणाऱ्या घाटातला रस्त्याकडेचा एक दगड. या मुलीच्या गावात आमच्या रेडिओचा आवाज पोचत नाही, म्हणून तिची आई, वडील, काकू, शेजारी असे सगळे जीप करून त्या दगडापर्यंत वर आले होते. तिथं आमचा आवाज लागतो. त्यांना कसं परत पाठवणार? पंखा बंद केला. मुलगी गायली. फार सुंदर गायली, हे मला तेव्हाही कळत होतं, आणि कळतंय याचंच आश्चर्य वाटत होतं.

नंतर बाबा मला घ्यायला आले आणि आम्ही मोताळ्याला निघालो. घाटात दगडाजवळ ती जीप अजून उभी होती. मुलीच्या आईनं हात आडवा करून आमची गाडी थांबवली आणि खिडकीतून पेढे पुढे केले. "घ्या हो दादा, आमची पोरगी रेडिओवर गायली!" बाबांनी पेढा घेतला. काही वळणं तो हातातच धरून ठेवला, एका हातानं गाडी चालवत. मग खाल्ला. "ताईनं खाल्ला असता," म्हणाले.

आता काही आठवडे झालेत. माझी आत्या, शकुंतला, सगळ्यांची शकूआत्या, हिच्याबद्दल लिहायला बसलं की मला रडूच येत नाही, उलट छाती धडधडायला लागते. शनिवारी सकाळी धडधडायची तशी. तिच्या आसपास कायम काहीतरी आता होणार असायचं.

आत्या बाबांची मोठी बहीण. मोताळ्याच्या शाळेत सगळी नोकरी केली, तिथंच घर बांधलं, तिथंच निवृत्त झाली. आमचं घर बुलढाण्याचं, कारकुनाचं, जपून बोलणारं. मला इंग्रजी शाळेत घातलेलं. घरात शुद्ध मराठी, शाळेत इंग्रजी, आणि दोन्हींच्या मध्ये मी गप्प. पाहुणे आले की मी आतल्या खोलीत जायची आणि दाराच्या फटीतून सगळं बघायची. आत्या मात्र आली की दाराशीच ओरडायची, "कुठी लपली व माही मेमसाब? बाहीर ये, तुले पायाले आली मी, भिंती पायाले नाई!" मला तिचा आवाज भयंकर वाटायचा, आणि ती गेली की घर रिकामं वाटायचं.

निवृत्तीनंतर तिनं देऊळघाटच्या रस्त्यावरचं आमचं सामुदायिक रेडिओ केंद्र गाठलं. केंद्र म्हणजे दोन खोल्या, मध्ये काच, भिंतींना आवाज घुमू नये म्हणून लावलेल्या गोधड्या. तिथं शेतीचे सल्ले असायचे, आरोग्याची माहिती असायची आणि गाणी म्हणाल तर सीडीवरची. आत्यानं पहिल्याच बैठकीत सांगितलं की दर शनिवारी एक तास तिला द्या, सीडी नको, माणसं आणते. कार्यक्रमाचं नाव ठेवलं 'ताजं गाणं'. अट अशी की गाणं स्वतः केलेलं पाहिजे आणि तिथं बसून, त्या क्षणी म्हटलेलं पाहिजे. आधी रेकॉर्ड करून चुका काढून मग लावू, असं केंद्राच्या लोकांनी सुचवून पाहिलं. "मंग ते ताजं कसं?" आत्या म्हणाली. "चुकलं तं चुकलं. जेवताना ठसका लागत नाई का मानसाले?"

बाबांची वेगळीच काळजी होती. "ताई, रेडिओवर तरी जरा नीट बोल." आत्या हसली. "कोन ऐकनार हाय रे? पुन्याचे लोकं का देऊळघाटचे? देऊळघाटच्याले समजते मी काय बोलून राह्यली ते."

बीएस्सी झाल्यावर मी घरीच होते. आत्या एका शनिवारी मला जवळजवळ ओढत घेऊन गेली आणि मिक्सरसमोर बसवलं. मिक्सर म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या पट्ट्यांचं यंत्र. ते काचेच्या अलीकडे, गाणारे पलीकडे. मला जागा एकदम पटली. सगळं दिसायचं, सगळं ऐकू यायचं आणि आपल्याला कुणी काही विचारायचं नाही. मी तिथून उठलेच नाही.

काय काय माणसं यायची! मळ्यातून थेट आलेली, पायाला चिखल असलेली बाई, जिनं जीपवाल्यावर गाणं केलं होतं. तो 'अजून एक, अजून एक' म्हणत माणसं भरतो आणि शेवटी स्वतःच बाहेर लटकतो. आमच्या गल्लीतले गुरुजी, सोवळ्यातले, गंभीर. त्यांनी पूजा चालू असताना यजमानाचा मोबाइल कसा वाजतो यावर गाणं केलेलं, आणि प्रत्येक कडव्यात वेगळी रिंगटोन ते तोंडानं वाजवत. मी काचेमागे तोंडात ओढणी कोंबून हसले. एक शिंपी आला, त्यानं शिवणयंत्राच्या ठेक्यावर बायकोची मनधरणी केली होती, आणि बायको शेजारी बसून पूर्ण वेळ छताकडे बघत होती. गाणं संपल्यावर आत्यानं तिच्यासमोर माइक धरला. "पटलं का हो?" बायको म्हणाली, "घरी गेल्यावर सांगीन."

या सगळ्यात एक गोष्ट ठरलेली होती. स्टुडिओ लहान, खिडक्या बंद, वर एक जुना छताचा पंखा. तो चालू असेल तर त्याची घरघर माइकमध्ये येते. म्हणून गाणं सुरू व्हायच्या आधी आत्या बोट वर करायची. "पंखा बंद कर व!" मी बटण दाबायची. पण पंखा जुना, लगेच थांबायचा नाही. तो गिरक्या घेत घेत मंद व्हायचा, आणि तेवढा वेळ आत्या गाणाऱ्याचा हात धरून ठेवायची. सोडायचीच नाही. पातं पूर्ण थांबलं की हात सोडायचा, मग गाणं. उन्हाळ्यात त्या खोलीत घामाच्या धारा लागायच्या, गाणारे डोळ्यांनी विनवायचे, पण आत्या वर पात्याकडे बघत बसायची. आवाज रेडिओवर जाऊ नये म्हणून ती हे करते असं मी समजत होते. माइक तर तेव्हा चालूच असायचा, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

मग निर्मलाबाई आल्या. मोताळ्याजवळ त्यांचा वांग्यांचा मळा. चाळिशीत स्कूटी शिकताना आपण कशा पडलो, त्याचं फक्कड गाणं त्यांनी म्हटलं. पुढच्या आठवड्यात त्या रागावून परत आल्या. "आत्या, आमच्याइकडं तं काईच नाई आलं! सगळे रेडिओ घेऊन बसले होते, नुसती खरखर. मंग म्या गायली कोनाले?" आत्याचं स्वतःचं घरही मोताळ्याला, घाटाखाली. आपलाच कार्यक्रम तिच्या घरात कधी वाजला नव्हता, आणि निर्मलाबाईंनी विचारेपर्यंत तिला ते खटकलं नव्हतं.

मी म्हटलं, रेकॉर्ड करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू या. "पाठवलेलं गानं मानूस उद्या ऐकते," आत्या म्हणाली, "नाई तं कधीच नाई ऐकत. जे आत्ता चालू हाय, त्याच्यासाठी मानूस धावत येते." आणि तिनं ठरवलं की आवाज खाली जात नसेल, तर माणसांना वर आणायचं. पण कुठपर्यंत? ते शोधायला एका दुपारी ती छोटा रेडिओ मांडीवर घेऊन विलासदादाच्या गाडीतून घाट चढायला लागली, आणि मला सांगितलं, "तू बोलत राह्य. काईबी बोल, पन थांबू नको."

काहीही बोल! मला. माइक चालू केला आणि डोकं कोरं झालं. कविता आठवेना, बातमी आठवेना. शेवटी तोंडातून जे आलं ते शाळेत घोकलेलं होतं. टू वन्स आर टू... मी पाढे म्हणायला लागले. डोळे मिटून, एका सुरात, इंग्रजीत, सगळ्या पठाराला ऐकू जाईल असे. बाराचा संपला, तेराचा सुरू झाला, आणि फोन वाजला. पलीकडे आत्या वाऱ्यात ओरडत होती. "लागलं! लागलं व! थर्टीन फोर्स आर फिफ्टी टू! थांब रे विलास, इथंच थांब!"

वळणावर सुधाकरभाऊंची चहाची टपरी आहे. त्यांच्याकडून चुना घेऊन आत्यानं तिथल्या दगडाला पांढरा पट्टा मारला. गाडीचं पुढचं चाक त्या पट्ट्याशी आलं पाहिजे. जरा अलीकडे थांबलं तरी खरखर. दगडाला नाव पडलं, तेराचा दगड. दुसऱ्या दिवशी बाजारात भाजीवाली आईला म्हणाली, "काल रेडिओवर कोन होती व ते इंग्रजी पाढे म्हननारी? माह्या पोरानं सगळे संगं म्हटले." आईनं माझ्याकडे पाहिलं. मी मेथी निवडण्यात गुंतले.

त्यानंतर शनिवारी घाटात जत्राच. खालच्या गावातलं कुणी गाणार असलं की ट्रॅक्टर, जीप, मोटरसायकली, डबे, सतरंज्या. सुधाकरभाऊंनी जास्तीचं दूध ठेवायला सुरुवात केली. निर्मलाबाई पुन्हा गायल्या तेव्हा त्यांची सासू दगडाला हळदकुंकू वाहून आली. आत्याला हे सांगितलं तर ती इतकी हसली की चष्मा काढावा लागला. मी मात्र कार्यक्रमाच्या वेळी दगडावर कधी गेले नव्हते. शनिवारी मी काचेमागे असायची.

माझं गाणं तिला सापडलं ते माइक तपासताना. कुणी यायच्या आधी मी पलीकडच्या खोलीत जाऊन माइकमध्ये हॅलो, वन टू थ्री म्हणायची. एकटी असले की त्याऐवजी माझी एक ओळ गुणगुणायची. पंखा बंद करा बाई, कुणी गाणं घेऊन आलं... एका सकाळी वळले तर काचेपलीकडे आत्या हेडफोन लावून बसलेली.

"कोनाचं हाय हे?"

"कुणाचं नाही."

"कोनाचंच नाई असं गानं नसते व." मग जरा थांबून, "पुढचं कडवं हाय?"

मी मान डोलावली. कडवी तीन होती.

तेव्हापासून दर शनिवारी, कार्यक्रम संपला की, ती पर्स खांद्याला लावताना विचारायची, "पुढच्या शनवारी?" मी म्हणायची, "नाही आत्या." "मंग त्याच्या पुढच्या," असं म्हणून ती एसटीला निघायची. कधी आग्रह नाही, कधी टोमणा नाही. मला विचारायचं मात्र एकदाही चुकवलं नाही. माझा नकार हा त्या कार्यक्रमाचाच भाग होऊन गेला होता. लोक माझ्याकडे बघतील, ही भीती नव्हती. रेडिओवर कोण बघणार? भीती अशी होती की म्हटल्यावर ते माझं राहणार नाही, आणि मग काचेमागची ती जागाही माझी राहणार नाही.

आत्याचं दुखणं निघालं आणि अकोल्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. काही महिन्यांनी डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. मोताळ्याच्या घरी ती खिडकीजवळच्या पलंगावर असायची, आणि शनिवारी सकाळी तिच्या रेडिओवर नुसती खरखर. बंद करू म्हटलं तरी करू द्यायची नाही. "राहू दे. वर गानं चालू हाय, एवढं तं समजते." विलासदादानं तिला दगडापर्यंत न्यायची तयारी दाखवली, तर तिनं नाही म्हटलं. घाटाची वळणं तिला सोसत नव्हती. मी भेटायला गेले तेव्हा तिनं माझा हात धरला आणि सरळ सौदाच केला. "एक डाव येतो मी वर. पन गानं तुह्यं असन तरच. बाकीच्यायचं ऐकलं मी भरपूर."

बाहेर अंगणात विलासदादा माझ्यावर चिडला. "ह्या हालतीत नेऊ का मी तिले? मेलीबिली रस्त्यात तं?" त्यानं चप्पल घातली, काढली, पुन्हा घातली. "गाऊन टाक बाप्पा एकदाची," म्हणाला. "आनतो मी."

त्या शनिवारी मी काचेच्या पलीकडच्या बाजूला बसले. तिकडून स्टुडिओ वेगळाच दिसतो. काचेत स्वतःचंच तोंड दिसतं. संतोषभाऊ माझ्या जागी, मिक्सरवर. विलासदादाचा फोन आला, चाक पट्ट्यावर आहे, आईला उशी लावून बसवलंय, लवकर करा. संतोषभाऊंनी माझं नाव सांगितलं, पंखा बंद केला. माझा हात धरायला कुणी नव्हतं. वर पात्याकडे न बघता मी सुटलेच. तिन्ही कडवी. मध्येच कळलं की आवाज थरथरत नाहीये, मध्येच कळलं की मला मजा येतेय! शेवटच्या ओळीला तर मी उठून उभी राहिले होते, माइकपासून दूर, आणि संतोषभाऊ काचेमागून हातवारे करत होते, बस, बस.

फोन वाजला. आत्याचा आवाज बारीक झाला होता, पण मागे टपरीवरच्या लोकांच्या टाळ्या ऐकू येत होत्या.

"पंखा थांबू नाई देल्ला तू," ती म्हणाली. "घरघरीतच चालू केलं. पयली ओळ पंख्यानं खाल्ली."

"आणि बाकीचं?" मी विचारलं.

नुसता तिचा श्वास, आणि वारा...

"बाकीचं असं हाय का, ते मले पुन्हा ऐकाव लागन. पुन्हा म्हनजो. पंखा थांबला का मंग म्हनजो."

खाली उतरताना गाडीत ती पूर्ण रस्ताभर पहिली ओळ स्वतः म्हणत होती, असं विलासदादा सांगतो. तिचा सूर अगदी वाईट होता. जन्मात ती कधी गायली नव्हती. त्यानंतर ती घाट चढली नाही.

मी अजून पुन्हा म्हटलेलं नाही. मागच्या शनिवारी संतोषभाऊंना मिक्सर सांभाळायला सांगितलं आणि पहिल्यांदाच कार्यक्रमाच्या वेळी दगडावर गेले. पावसानं पट्टा धुऊन गेला असेल, म्हणून डब्यात चुना आणि ब्रश घेतला होता. पाहते तर पट्टा ताजा, ओला, पांढराशुभ्र. कुणीतरी सकाळीच मारला होता. त्याच्याशी चाक लावून एक जीप उभी होती, आणि तिच्याभोवती दहापंधरा माणसं. त्यांचा एक माणूस, रोजानं फवारणीला जाणारा, वर स्टुडिओत गायला बसला होता. एक सुधाकरभाऊ सोडले तर मला कुणी ओळखत नव्हतं. मी डबा मागे लपवला.

"याले तेराचा दगड काऊन म्हनतात?" एकानं विचारलं.

"तेरा गाड्या मावतात म्हनून," दुसरा म्हणाला.

"चाल बे! इथं तीन मावत नाईत."

सुधाकरभाऊंनी चहा गाळता गाळता माझ्याकडे पाहिलं आणि हसू दाबलं. मीही सांगितलं नाही. जीपच्या रेडिओवर संतोषभाऊ गाणाऱ्याचं नाव, गाव सांगायला लागले, तशी एक बाई ड्रायव्हरच्या पाठीत गुद्दा घालत ओरडली, "इंजिन बंद कर ना रे!" इंजिन बंद झालं. मी सुधाकरभाऊंना चहा किती गोड करायचा ते सांगणार, तोच ती माझ्याकडे वळली. "चूप व ताई, आमचा मानूस गाऊन राह्यला!"

तो अजून गात नव्हता. रेडिओतून आला तो पंखा. स्टुडिओत ऐकू येते तशी घरघर नव्हे, अगदी जवळ, मोठी, जीपभर. मग ती मंद होत गेली. एक गिरकी, आणखी एक, लांबत लांबत, आणि सगळी माणसं आपोआप पुढे वाकली. कुणी पदर तोंडाला लावला, कुणाचा कप ओठाशीच राहिला. एवढा वेळ! काचेमागे बसून मला कधी कळलंच नव्हतं की इथं, घाटात, गाणं इथूनच सुरू होतं. वर कुणीतरी त्याचा हात धरून ठेवला असणार. शेवटची गिरकी... पातं थांबलं.

"आता," मी म्हणाले.

आणि त्यानं सूर लावला. ती बाई एकदम माझ्याकडे बघायला लागली.

"तुमाले कसं समजलं व ताई?"